भुसा कोणाचा?



सरकारी धान भरडाईचा हिशेब आपल्या भंडारा जिल्ह्यात शेतकऱ्यापासून हमालापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. १०० किलो धान गिरणीत गेला की ६७ किलो तांदूळ शासनाला परत द्यायचा, उसना असेल तर ६८. त्या ६७ किलोंवरून आपल्याकडे मोर्चे निघाले, बैठका झाल्या. उरलेल्या ३३ किलोंबद्दल मात्र कोणी ब्र काढत नाही. त्यात २० ते २२ किलो नुसता भुसा असतो, म्हणजे धानाची साल. सहा-आठ किलो कोंडा, ज्याचं तेल निघतं. बाकी कणी, धूळ, माती. शेतकऱ्याने पिकवलेल्या धानाचा पाचवा हिस्सा भुसा असतो, आणि खरेदी केंद्रावर काटा झाला त्या क्षणी त्याच्यावरचा शेतकऱ्याचा हक्क संपतो. भरडाईचे दर वर्षानुवर्षं इतके कमी राहिले आणि तरी गिरण्या चालल्या, त्याचं एक कारण या भुशात आहे.

आजचा विषय आयोजकांनी मला दिला तो असा : शेतातल्या काडीकचऱ्यापासून कांडी कोळसा, म्हणजे ब्रिकेट, आणि त्यातून पर्यायी ऊर्जा. या विषयावर यंत्रविक्रेते बोलतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘कच्चा माल फुकट आहे.’ ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांना कोणतीही गोष्ट पाटीवर मांडल्याशिवाय पटत नसे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा आपण ते ‘फुकट’ पाटीवर मांडून बघू.

आधी यंत्राचं. सुटा भुसा फार जागा खातो. एका घनमीटरमध्ये जेमतेम १०० ते १२० किलो बसतो. ट्रक काठोकाठ भरला तरी वजन काट्यावर लाजिरवाणं दिसतं आणि डिझेल मात्र पूर्ण ट्रकाचं जळतं. तोच माल दाबून कांडी केली की एका कांडीची घनता पाण्याहून जास्त होते, घनमीटरला ११०० किलोच्या पुढे. कांड्यांमधल्या फटी धरूनही सुट्या भुशाच्या पाचपट माल त्याच ट्रकात जातो. कांडी कोळशाचा मुख्य फायदा हा एवढाच. दाबल्याने मालातली उष्णता वाढत नाही. एक किलो भुशात ३००० ते ३५०० किलोकॅलरी होत्या, कांडीतही तेवढ्याच राहतात. वाढते ती तिची प्रवासाची लायकी.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पिस्टन प्रेस असतो. जड फ्लायव्हील, मिनिटाला अडीचशेच्या आसपास ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला रॅम थोडा माल निमुळत्या डायमध्ये ठासतो. दाबाने आणि घर्षणाने माल इतका तापतो की वनस्पतीतलं लिग्निन मऊ पडतं आणि डिंकासारखं काम करतं. वरून मळी, शेण, खळ काहीच घालावं लागत नाही. डायमधून निघालेली कांडी लगेच हातात घेता येत नाही. ती लोखंडी रुळांच्या लांबलचक ओळीवर सरकत राहते, मागचा प्रत्येक ठोका तिला बोटभर पुढे ढकलतो, अंगातून वाफ निघत असते, आणि ओळीच्या टोकाला आल्यावर आपल्याच वजनाने मोडून खाली पडते. बाहेरून तुळतुळीत, मोडलेल्या तोंडाशी थर दिसतात. माल ओला असला तर आत वाफ कोंडते, डायच्या तोंडातून धाडकन बार निघतो आणि कांडीचा चुरा समोर उडतो. म्हणून जुना ऑपरेटर डायच्या समोर कधी उभा राहत नाही, बाजूला उभा राहतो. मालात ओलावा ८ ते १२ टक्के हवा. त्याहून जास्त असला तर हा बार, फारच कमी असला तर कांडी धरत नाही.

दुसरा प्रकार स्क्रू प्रेसचा, जपानकडून आलेला. त्याची कांडी मधे पोकळ असते, छान जळते, दिसायलाही देखणी. पण आपल्या भुशाच्या राखेत ८५ टक्क्यांहून जास्त सिलिका असते, म्हणजे जवळपास वाळूच. ती स्क्रू खाते. दिल्लीच्या आयआयटीत प्रा. पी. डी. ग्रोवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात याच झिजेवर काम केलं. माल आधी तापवून घेतला तर स्क्रू जास्त टिकतो, वीजही कमी लागते, असं त्यांनी दाखवलं. तरी धानपट्ट्यात ज्याने कांडीचं यंत्र घातलं त्याला वेल्डर घरचा लागतो, हे कोणी माहितीपत्रकात छापत नाही.

विजेचं म्हणाल तर टनामागे साधारण ५० ते ७० युनिट लागतात. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. ती वीज कोळशातून आली असं धरून तिप्पट केली तरी ६० युनिटांचा हिशेब दीड लाखाच्या आसपास जातो, आणि एक टन कांडीत ३० ते ३५ लाख किलोकॅलरी असतात. शेकडा पाच घालून शंभर मिळत असतील तर सौदा वाईट नाही. घोडं अडतं ते यंत्राच्या आधी, मालापाशी.

भुशापासूनच सुरुवात करू. तुमसर, मोहाडी, भंडारा, साकोली या पट्ट्यातल्या उसना गिरण्यांना धान उकडायला वाफ लागते आणि ती भुसा जाळूनच होते. म्हणजे अशा गिरणीचा बराचसा भुसा गिरणीतच संपतो. अरव्या, म्हणजे धान न उकडता भरडणाऱ्या, गिरणीचा उरतो, तो विटभट्ट्या नेतात, बॉयलरवाले नेतात, कोंबड्यांच्या खुराड्यात पसरायला जातो. धानपट्ट्यात भुशावर वीज बनवणारे प्रकल्प आले तेव्हापासून तर त्याला बाजारभाव आहे. पूर्वी गिरणीमागे भुशाचे डोंगर धुमसत पडत, गावभर काळी राख उडे. ते दिवस सरले. आज भुसा विकत घेऊन कांडी करायची म्हणजे जो माल आहे तसाच बॉयलरमध्ये जळतो, त्याला जादा खर्च करून दाबायचं. जवळच्या गिऱ्हाइकासाठी याला काही अर्थ नाही. दूर पाठवायचा असेल तरच आहे.

जवळच्या गिऱ्हाइकासाठी आपल्या आयाबायांनी कांडीशिवायची युक्ती कधीच शोधली होती. पत्र्याचा डबा घ्यायचा, तळाशी बाजूला एक भोक. त्या भोकातून एक बाटली आडवी सारायची, दुसरी डब्याच्या मधोमध उभी धरायची आणि भोवती भुसा नाहीतर लाकडाचा चुरा मुसळाने ठासून भरायचा. मग दोन्ही बाटल्या फिरवत फिरवत अलगद काढायच्या. आत चिमणी तयार होते. खालून काडी लावली की दोन-तीन तास शेगडी एका आचेवर चालते, फुंकणी लागत नाही. भुसा नीट ठासला नसेल तर मधेच ढासळतो आणि घरभर धूर. दाबलेला भुसा सुट्यापेक्षा चांगला जळतो, हे ज्ञान यंत्राच्या आधी या डब्यात होतं.

दुसरा माल म्हणजे तणस. पावणेदोन लाख हेक्टरांच्या घरात धान लावणाऱ्या जिल्ह्यात तणसाचा तोटा कुठला? पण खरिपाचं तणस गुरांचं आहे. चुरणं, म्हणजे मळणी, झालं की तणसाचा ढीग आवारात लागतो आणि पावसाळ्यापर्यंत जनावरं त्यावर निभावतात. ज्या गावात गुरं जास्त तिथे एकही पेंढी यंत्राकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाळी धानाचं तणस वेगळं. गोसीखुर्द, बावनथडी, इटियाडोह या धरणांच्या पाण्यावर उन्हाळी धान वाढला, त्यामागे हार्वेस्टर आला. हार्वेस्टर तणस बांधीत पसरून टाकतो, ते गोळा करायला मजूर मिळत नाही, खरिपाची नांगरणी तोंडावर येते आणि शेतकरी काडी ओढतो. पंजाबच्या धुरावर आपण रकाने वाचतो. तोच धूर आपल्याकडे थोड्या प्रमाणात मे महिन्यात असतो, वारा असल्याने दिल्लीसारखा साचत नाही इतकंच.

हे तणस कांडीसाठी मोकळं आहे, पण त्यातही एक खोट आहे. तणसात पोटॅश आणि क्लोरीन भरपूर. भट्टीत ती राख कमी तापमानालाच वितळते आणि बॉयलरच्या नळ्यांवर काचेसारखी चिकटून बसते. भुशाला हा त्रास फारसा नाही. डेन्मार्कने १९९३ मध्ये राजकीय करार करून आपल्या वीजकेंद्रांना वर्षाला १४ लाख टन जैवइंधन जाळायला लावलं, त्यात १२ लाख टन काड होतं. तिथल्या इंजिनिअरांना ही चिकट राख चांगलीच भोवली. मग ध्यानात आलं की कापणीनंतर शेतात पडून पाऊस खाल्लेलं, करडं पडलेलं काड ताज्या पिवळ्या काडापेक्षा बरं जळतं, कारण पावसाने पोटॅश धुऊन जमिनीत परत नेलेलं असतं. आपल्याकडे अवकाळी पावसाने भिजलेलं तणस जनावर तोंडात धरत नाही. इंधनाला मात्र तेच जास्त चालतं. अर्थात पुन्हा कडक वाळवून.

तिसरा माल तुराट्या. आपली तूर बहुतेक बांधीच्या धुऱ्यावर. इकडे-तिकडे एकेक ओळ, तरी गावाच्या एकूण बेरजेत भरपूर. तुराटी लाकडाच्या जवळची, राख कमी, कांडी झकास होते. यंत्रवाल्यांचा डोळा तिच्यावर असतो. पण तुराटी आज कोण जाळतं? ज्या घरी शेत नाही ती बाई दुसऱ्याच्या शेतात तूर कापायला जाते आणि संध्याकाळी डोक्यावर भारा घेऊन येते. तो भारा मजुरीचा अलिखित भाग आहे. उद्या कारखाना तुराटीला क्विंटलमागे भाव देऊ लागला की शेतमालक तिला म्हणेल, बाई, तुराट्या राहू दे. जिल्ह्याच्या अहवालात लिहिलं जाईल की अमुक टन टाकाऊ मालाचं मूल्यवर्धन झालं. त्या घरची चूल कशावर पेटते, हे अहवालात येणार नाही. पेटेल ती नागझिरा-कोकाच्या कडेच्या जंगलातून आणलेल्या मोळीवर, आणि त्या जंगलात मोळीला, मोहफुलाला गेलेल्या बायांवर वाघ-बिबट्यांचे हल्ले होतात, हे या सभागृहात मी सांगायला नको.

केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने करवलेल्या अभ्यासाप्रमाणे देशात वर्षाला सुमारे ७५ कोटी टन काडीकचरा निघतो आणि त्यातला २३ कोटी टन वापरून उरतो. मला या २३ कोटींबद्दल नेहमी धाकधूक वाटते. राज्याच्या नकाशावर ‘उरतो’ म्हणणं सोपं असतं, गावात जाऊन बघितलं की त्यातल्या बऱ्याच पेंढ्यांना धनी निघतो.

मग बिनधन्याचं आहे काय? आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टी नक्की आहेत, आणि दोन्ही पाण्यात. पहिली बेशरम नावाची झुडपी वनस्पती. माजी मालगुजारी तलावांच्या काठाने, गाळाच्या पट्ट्यात ती इतकी माजली की तलावाचं पाणी आणि मासे दोन्ही आटले. भंडारा-गोंदियात ढिवर समाजाने तिच्याशी वर्षानुवर्षं हाताने झुंज दिली आहे, मुळासकट उपटून काढली, तिच्या जागी तलावातली देशी वनस्पती लावली. उपटलेल्या बेशरमीचा ढीग काठावर पडतो आणि पावसात पुन्हा फुटतो. जनावरं तिला विषारी म्हणून टाळतात. हिच्यावर कोणाचीच चूल अवलंबून नाही. वाळवून, तुकडे करून ती विटभट्टीसाठी कांडीत घालायला हरकत नाही. बंद स्वयंपाकघरात तिचा धूर मी सुचवणार नाही.

दुसरी जलपर्णी. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं. गोसीखुर्दने पाणी अडवल्यावर ते आपल्या दारात साचलं आणि त्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला. ‘जलपर्णीपासून इंधन’ ही घोषणा दर दोन वर्षांनी कुणीतरी करतं. पाटीवर मांडू. १०० किलो ओल्या जलपर्णीत ९३ किलोच्या आसपास पाणी, सात किलो कोरडा भाग. एक किलो पाणी उडवायला ६०० किलोकॅलरी धरा, म्हणजे ९३ किलोंना ५५,८००. सात किलो कोरड्या भागातून फार तर २२,४०० मिळणार. म्हणजे ती ड्रायरमध्ये वाळवणारा माणूस इंधन बनवत नाही, इंधन खर्चून पाणी उकळतो. भंडाऱ्याच्या मे महिन्यातलं ऊन फुकट आहे, त्यात वाळवता येते. पण मग काठावर मैदान हवं, उलटवायला माणसं हवीत, आणि वर्षातले तीनच महिने काम. कांडीपेक्षा तिचं खत करावं, असं माझं मत. हे ऐकून काही उत्साही मंडळी नाराज होतील, होवोत.

महाराष्ट्रात या विषयावर सगळ्यात डोळस काम झालं ते उसाच्या पाचटावर. पुण्याला डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, म्हणजे आरती ही संस्था सुरू केली. उसाच्या एका हेक्टरातून सुमारे दहा टन वाळलं पाचट पडतं. जनावर खात नाही, लवकर कुजत नाही, म्हणून शेतकरी जाळतो. कर्व्यांनी, आणि त्यांच्या कन्या डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनी, प्रश्न उलटा विचारला : पाचट कारखान्याकडे न्यायचंच का? त्यांनी शेतावर नेता येईल अशी भट्टी केली. आत बंद पिंपांत पाचट भरायचं, बाहेरून थोडं पाचटच जाळायचं. पिंपातला वायू बाहेर येऊन तोही जळतो आणि पुढचं काम स्वतःच करतो. हाती येतो कोळशाचा चुरा. त्यात पिठाची खळ कालवून साध्या यंत्रातून वड्या पाडायच्या. त्या वड्यांवर चालणारा ‘सराई’ कुकर त्यांनीच आणला, शंभर-दीडशे ग्रॅम कोळशात एका कुटुंबाचा भात-वरण-भाजी. २००२ मध्ये या कामाला ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

यातली मला पटलेली गोष्ट पुरस्काराची नाही. कच्चा माल खरोखर बिनधन्याचा निवडला. जड यंत्र मालाकडे गेलं, माल यंत्राकडे आला नाही. आणि शेवटचं गिऱ्हाईक कोण, ते ठरवून मग यंत्र बनवलं. तरीही पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव या भट्ट्या दिसत नाहीत, हेही खरं. सिलिंडर आला, पाचट शेतातच कुजवायचा सल्ला लोकांना पटू लागला, आणि कोळसा पाडणं हे काजळीत हात घालायचं, दिवसभर उभं राहायचं काम आहे. ते नियमित मजुरीशिवाय कोणी करत नाही. फलटणच्या निंबकर संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी त्याच पाचटावर गॅसिफायर चालवून दाखवला, तोही उत्तम चालला आणि तोही प्रयोगशाळेच्या फाटकातून फार पुढे गेला नाही.

आता आपल्या शेजारच्या हत्तीकडे वळू. नागपूर रस्त्यावर मौद्याला एनटीपीसीचं २३२० मेगावॉटचं वीजकेंद्र आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांना कोळशाबरोबर ठरावीक टक्के शेतीतलं जैवइंधन जाळणं बंधनकारक केलं. सुरुवात पाच टक्क्यांची. मौदा पूर्ण ताकदीने चाललं आणि युनिटला ६५० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला ३६ हजार टन कोळसा होतो. पाच टक्के म्हणजे १८०० टन. अर्ध्या ताकदीने चाललं तरी रोज ९०० टन. एक बरा पिस्टन प्रेस दिवसभर राबून १५ टन काढतो. म्हणजे साठ प्रेस एकट्या मौद्यासाठी. शिवाय वीजकेंद्राच्या चक्कीला जाड कांडी चालत नाही, बारीक पेलेट लागतात, त्यांचं यंत्र वेगळं आणि महाग.

एवढी मोठी भूक शेजारी बसली की आपल्या जिल्ह्यात आनंद व्हायला हवा, आणि व्यापाऱ्यांत तो आहेही. मला काळजी वाटते. रोज ९०० टन मागणाऱ्या तोंडाला उन्हाळी तणस पुरणार नाही. ते तुराटीपर्यंत, गुरांच्या ढिगापर्यंत आणि शेवटी बाभळी-पळसाच्या झुडपांपर्यंत पोचणार. झुडूप दळून भुशात मिसळलं की कुणाला ओळखू येतं? वीजकेंद्राने जैवइंधन जाळावं, जरूर जाळावं, पण आपल्या जिल्ह्यातून काय जाऊ द्यायचं याची यादी जिल्ह्याने आधी करावी. भिजलेलं उन्हाळी तणस, बेशरम, आरागिरणीचा चुरा, अरव्या गिरणीचा उरलेला भुसा : हो. तुराटी आणि खरिपाचं तणस : नाही, ग्रामसभेने ठरवल्याशिवाय नाही.

आणि पहिलं गिऱ्हाईक जवळचं शोधा. महामार्गावरचे धाबे, आश्रमशाळांचे स्वयंपाक, लग्नाच्या मोसमातले केटरर, गुळाच्या कढया, लहान बॉयलर. घरच्या चुलीसाठी कांडी कोळसा विकायला मी सांगणार नाही. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर २०१६ पासून घरात आहे, जंगलाकाठच्या गावांना जन-वन विकास योजनेतूनही गॅस मिळाला. तिथे अडचण पुन्हा भरण्याच्या पैशांची आहे आणि तिचं उत्तर सिलिंडरच्या किमतीत शोधायला हवं. बाईच्या छातीत धूर जायचा तो कांडीच्याही चुलीतून जातो, जरा कमी जातो इतकंच.

एक बचत गट, एक प्रेस, आणि बैलगाडी किंवा ट्रॅक्टरने दिवसात परत येता येईल एवढा परिसर. तीस-चाळीस किलोमीटरच्या पुढे माल आणायचा नाही, कारण तिथून पुढे डिझेल नफा खातं. मे महिन्यात माल गोळा करून पावसाळ्याच्या आत शेडमध्ये गेला पाहिजे. यंत्राच्या कर्जासाठी बँका धावत येतात, शेडला मागितलं की तोंड फिरवतात. खरं तर आधी शेड बांधा, ताडपत्रीवर भागवू नका. आपल्या जिल्ह्यात एका रात्रीच्या पावसाने ४० टन माल वाया जाऊ शकतो.

करार करताना भाव वजनावर ठरवू नका. वजनावर भाव असला की घेणारा ओलं म्हणून कापतो आणि देणारा पाणी मारून तोलतो. ओलाव्याचा आकडा कागदावर हवा, राखेचा हवा, पैसे किती दिवसांत मिळणार तेही हवं. मी ओलावा मोजायचं लहान यंत्र सोबत आणलं आहे, आणि तीन प्रकारच्या कांड्या, एक तणसाची, एक भुसा-चुरा मिश्रणाची, एक तुराटीची. ज्यांना बघायच्या असतील त्यांनी व्यासपीठाजवळ या. तणसाची जरा सांभाळून धरा, हातात तुटते.